चार महिने गमबुटात: फील्ड सेमिस्टरबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात बोलता बोलता मी लिहून गेले की कॉलेजचं एक अख्खं सेमिस्टर मी मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिकाच्या जंगलात काढलं, आणि त्यावर इतकी पत्रं आणि मेल आलीयत की यावेळचा सगळा कॉलम त्यालाच देऊन टाकतेय. ज्यांनी तो अंक वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अमेरिकेतल्या बऱ्याच कॉलेजांत तिसऱ्या वर्षी एक सेमिस्टर परदेशात करता येतं, त्यातलेच काही प्रोग्राम असे असतात की क्लासरूम जवळपास नसतेच, तुम्ही रिसर्च स्टेशनवर राहता, सकाळी रानात आणि संध्याकाळी लॅबमध्ये, आणि त्याचे रीतसर क्रेडिट मिळतात. मी गेले ते ऑर्गनायझेशन फॉर ट्रॉपिकल स्टडीजच्या प्रोग्रामला, सगळे ओटीएस म्हणतात, १९६३ मध्ये अमेरिकेतल्या काही युनिव्हर्सिट्यांनी आणि कोस्टा रिका युनिव्हर्सिटीने मिळून ही संस्था काढली. स्कूल फॉर फील्ड स्टडीज नावाची दुसरी एक संस्था आहे १९८० पासूनची, तीही असेच प्रोग्राम चालवते. माझा अनुभव एकाच देशाचा आहे, त्यामुळे उत्तरंही तिथलीच.

ताई, आमची मुलगी ओहायोत बायोलॉजी शिकते, तिसरं वर्ष. आता म्हणते जानेवारीपासून चार महिने कोस्टा रिकाला जाणार, जंगलात राहून शिकणार. कर्ज काढून अमेरिकेला पाठवली ती जंगलात राहायला का, असं तिचे बाबा विचारतात. मला तर सापांचीच भीती वाटते. हा खरंच अभ्यास असतो की ट्रिप? (एक आई, संगमनेर)

काकू, माझ्या आईनं फोनवर हेच विचारलं होतं, फक्त जरा वरच्या पट्टीत. त्यामुळे बाबांना आधी माझा एक दिवस वाचून दाखवा.

ला सेल्वा नावाचं स्टेशन आहे, सारापिकी भागात, कॅरिबियन बाजूच्या सखल प्रदेशात, साधारण १,६०० हेक्टर जंगल आणि वर्षाला ४,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. पहाटे हाउलर माकडं ओरडायला लागतात, अलार्मची गरज नाही, पहिल्या दिवशी मला वाटलं कुणीतरी जुना ट्रक चालू करतंय. साडेपाचला झुलत्या पुलावरून नदी ओलांडून पक्षी बघायला, सातला नाश्ता, आठ ते बारा रानात मोजमाप, दुपारी लेक्चर, मग डेटा कॉम्प्युटरवर टाकायचा, रात्री जेवण झाल्यावर एखादा पेपर वाचून त्यावर वाद घालायचा आणि त्यातही आठवड्यातून दोनदा रात्री बेडूक शोधायला बाहेर. रविवारी सुट्टी असते आणि त्या दिवशी सगळे फक्त कपडे धुतात, जे वाळत नाहीत. मी कॉलेजच्या चार वर्षांत एवढा अभ्यास दुसऱ्या कुठल्याच सेमिस्टरला केला नाही हे शपथेवर सांगते.

सापांचं म्हणाल तर आहेत, खोटं कशाला सांगू. तिथला मुख्य विषारी साप म्हणजे तेर्सिओपेलो, आपल्या घोणसासारखा, पाचोळ्यात पडला तर दिसत नाही. म्हणूनच गुडघ्यापर्यंत रबरी बूट घातल्याशिवाय पायवाटेवर पाऊल टाकायचं नाही, रात्री एकटं जायचं नाही, टॉर्चशिवाय बाथरूमलाही नाही, हात टेकायच्या आधी फांदी बघायची. फांदी बघायची ती सापासाठी कमी आणि मुंगीसाठी जास्त, तिथं बुलेट अँट म्हणून इंचभर लांब मुंगी असते, लोक तिला नुसतं बाला म्हणजे गोळी म्हणतात, ती चावली की दिवस गेला. आणि कोस्टा रिका याबाबतीत गरीब देश नाहीच, १९७० पासून तिथं क्लोदोमिरो पिकादो नावाची संस्था आहे, आपल्याकडे हाफकिन जसं घोड्यांपासून सर्पदंशावरचं प्रतिविष बनवतं तसंच काम ती करते, सरकारी दवाखान्यात औषध मिळतं आणि सापामुळे वर्षाला मरणारी माणसं अगदी मोजकी. संगमनेरच्या आसपास शेतात रात्री मोटर चालू करायला जाणाऱ्या माणसाला जास्त धोका आहे असं माझं स्पष्ट मत.

मला स्वतःला काय झालं? ओल्या मुळावरून पाय घसरला, घोटा मुरगळला आणि नऊ दिवस लॅबमध्ये बसून बाकीच्यांचा डेटा टाइप केला. प्रोग्रामकडून तुम्ही दोनच गोष्टी लेखी मागा, जवळचं हॉस्पिटल किती वेळाच्या अंतरावर आहे, आणि इन्शुरन्समध्ये पेशंटला हलवायचा खर्च धरलाय का. उत्तर द्यायला टाळाटाळ केली तर मात्र बाबांच्या बाजूने मीपण.

मॅथ्स नको म्हणून मी बायोलॉजी घेतली होती. आता सिनियर सांगतात इकॉलॉजीत सगळं स्टॅटिस्टिक्सच आहे. खरं का? (सेकंड इयर, पुणे)

खरं. सॉरी.

पण कसं असतं ते ऐक, मग ठरव. पालो वेर्दे नावाचं दुसरं स्टेशन आहे, देशाच्या पॅसिफिक बाजूला ग्वानाकास्तेत, तिथं रेनफॉरेस्ट नाही, डिसेंबर ते एप्रिल कडक कोरडं, झाडं पानं गाळून उभी. बसमधून जाताना रस्त्याच्या कडेला चक्क सागाची लागवड दिसली आणि मला क्षणभर मेळघाटात आल्यासारखं वाटलं. त्या वाळक्या रानात एकच झुडूप हिरवंगार असतं, बुलहॉर्न अकेशिया, म्हणजे आपल्या बाभळीची चुलत बहीण. काटे जोडीजोडीने, बैलाच्या शिंगांसारखे, बुडाशी फुगलेले आणि आतून पोकळ, टोकाजवळ सुईने पाडावं तसं एक भोक. त्या भोकातून मुंग्या ये-जा करतात. एक काटा चिरला तर आत पांढऱ्या अळ्या, शेवयांचा चुरा असावा तशा, आणि त्यांना इकडून तिकडे नेणाऱ्या दायी मुंग्या. झाड त्यांना घर देतं, देठावर गोड रस देतं आणि वर पानाच्या टोकाला पिवळट दाणे देतं जे मुंग्या तोडून पिल्लांना भरवतात. बदल्यात त्या काय करतात तर रात्रंदिवस पहारा, पान खायला आलेला किडा हाकलायचा, गुराने तोंड लावलं तर जिभेला डंख, आणि काही मुंग्या तर बुंध्याभोवतीचं गवतसुद्धा कापून अंगण साफ ठेवतात. डॅनियल जॅनझेन या शास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात मेक्सिकोत मुंग्या काढून टाकलेली आणि मुंग्या असलेली झाडं शेजारी शेजारी ठेवून दाखवलं की मुंग्या नसतील तर हे झाड टिकत नाही.

आता मी एकवीस वर्षांची शहाणी, मी ठरवलं की या मुंग्या दुपारी जास्त चिडतात का सकाळी हे बघायचं. पद्धत साधी, फांदीला पेन्सिलने तीन टिचक्या, स्टॉपवॉच लावून एका मिनिटात किती मुंग्या बाहेर आल्या ते मोजायचं. बारा झाडं, सकाळ दुपार, तीन दिवस. हाताला किती डंख बसले ते मोजलंच नाही. रात्री सगळे आकडे टाकले आणि ग्राफ काढला तर नुसती खिचडी, एका झाडावर चार मुंग्या आणि शेजारच्यावर साठ, सकाळ-दुपारचा काही संबंधच नाही. मी म्हटलं चला, काहीच फरक नाही असं लिहून टाकू. आमच्या सरांनी एकच विचारलं, सगळ्या झाडांवरच्या मुंग्या एकाच रंगाच्या होत्या का गं?

नव्हत्या. काही काळ्या, काही तांबूस. वेगवेगळ्या जाती, वेगवेगळा स्वभाव, एक जात अंगण झाडते तर दुसरी झाडत नाही, एक टिचकीला धावून येते आणि दुसरी बघू नंतर म्हणते. मी तीन दिवस आंबे आणि फणस एकाच पाटीत मोजत होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून, आधी जात ओळखायची, मग दोन्ही जातींची सारखी झाडं निवडायची, झाडाची उंची लिहायची, सावली आहे का लिहायचं. आणि त्या रात्री पहिल्यांदा मला कळलं की स्टॅटिस्टिक्स हे मॅथ्सवाल्यांनी आपल्याला छळायला काढलेलं नाहीये, तू फसवली जाऊ नयेस म्हणून ते आहे. आर नावाचं स्टॅटिस्टिक्सचं फुकटचं सॉफ्टवेअर आतापासून हळूहळू शिकून ठेव. तुझ्या कॅम्पसवरच्या एखाद्या झाडावरचे मुंगळे मोजून सुरुवात केलीस तरी चालेल, डंख कमी बसतील.

स्पष्ट लिहितो, राग मानू नये. चाळीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, मुलांना आंबोलीला नेत आलो. जगात कुठे नाही असा बेडूक आमच्या दारात आहे. मुंग्या आणि बेडूक मोजायला कोस्टा रिकाला जायची गरज काय? परदेशाचं आकर्षण, दुसरं काही नाही. (निवृत्त शिक्षक, सावंतवाडी)

सर, राग कसला, अर्धा वाद तर तुम्ही जिंकलाच आहात. आंबोलीचा तो भेक, झँथोफ्रायनी टायगेरिना, खरोखर जगात दुसरीकडे कुठे नाही, आणि पावसाचंच म्हणाल तर ला सेल्वाला वर्षभरात पडतो त्याच्या दीडपटीहून जास्त तुमच्याकडे चार महिन्यांत कोसळतो. निसर्ग कमी आहे म्हणून कुणी परदेशी जातंय असं मी म्हणणारच नाही. परदेशाचं आकर्षण होतं का? होतं, एकवीस वर्षांच्या पोरीला नसेल तर कुणाला असेल.

पण तिथं जे मिळालं ते मला इथं मिळालं नव्हतं, आणि ते म्हणजे जुन्या वह्या. ला सेल्वाची जागा ओटीएसने १९६८ साली घेतली, तेव्हापासून त्याच जमिनीवर लोक मोजत आलेत. काही ठरावीक झाडं तर १९८० च्या दशकापासून दर वर्षी मोजली गेली, तीच झाडं, तीच पट्टी, आणि त्यातून लक्षात आलं की ज्या वर्षी रात्री जास्त गरम होत्या त्या वर्षी झाडं कमी वाढली. एका पोराच्या एका प्रोजेक्टमध्ये हे कधीच दिसलं नसतं. आम्ही गेलो तेव्हा आमच्या हातातही एक पट्टी दिली, आणि माझ्या जन्माआधी कुणीतरी खिळा मारून नंबर लावलेल्या झाडाचा घेर मी मोजला. सर, तुम्ही चाळीस वर्षं मुलांना घेऊन आंबोलीला गेलात, त्या प्रत्येक सहलीची तारीख आणि त्या दिवशी दिसलेले बेडूक कुणी वहीत लिहून ठेवले असतील तर ती वही कुठं आहे ते कृपया मला कळवा, मी स्वतः येऊन बघेन. हे टोमणा म्हणून लिहीत नाहीये. कोस्टा रिकात मोंतेवेर्दे नावाचा डोंगर आहे, तिथं सोनेरी रंगाचा एक भेक होता, तोही जगात फक्त तिथंच. १९८९ नंतर तो कुणालाच दिसला नाही. तो गेला हे ठामपणे सांगता येतं कारण आधीच्या वर्षांत किती होते हे कुणीतरी लिहून ठेवलं होतं.

आणि अजून एक गोष्ट, ती मात्र मला परदेशी जाऊनच कळली आणि कळली ती भारताबद्दल. पालो वेर्दे म्हणजे आधी गुरांचं मोठं रान होतं, त्यात मोठी पाणथळ, हिवाळ्यात हजारो बदकं, त्यात शिट्टी मारणारी बदकं म्हणजे आपल्या अडईची बहीणच. मग तिथं नॅशनल पार्क झालं आणि गुरं बाहेर काढली, निसर्गाचं रक्षण म्हणून. झालं काय तर पाणकणीस माजलं, माणसाच्या डोक्याच्या वर, काही वर्षांत उघडं पाणी दिसेना आणि बदकं उतरायची बंद झाली. पाणकणीस दाबून ठेवण्यात गुरांच्या चरण्याचा आणि तुडवण्याचा वाटा होता हे गुरं गेल्यावर कळलं. त्यावर त्यांनी काय उपाय काढला बघा, ट्रॅक्टरला लोखंडी पिंजऱ्याची चाकं लावून ते पाण्यात घालायचं आणि पाणकणीस चिखलात दाबून टाकायचं, स्पॅनिशमध्ये त्याला फान्गेओ म्हणतात. आमच्या बरोबरची अमेरिकन मुलं तोंडात बोटं घालून बघत होती आणि मी म्हटलं अहो ही तर चिखलणी, आमच्याकडे भात लावायच्या आधी केजव्हील लावून हेच करतात. आणि खरंच ती पद्धत भातशेतीतूनच आलेली निघाली.

त्या रात्री वाचायला पेपर दिला तो कुठला असावा? भरतपूरचा, राजस्थानातल्या पक्षी अभयारण्याचा. १९८२ साली तिथं चराई बंद केली, गावकऱ्यांचा विरोध झाला, गोळीबारात माणसं मेली, आणि पुढे आपल्याच बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या लांबलचक अभ्यासातून निघालं की म्हशी गेल्यामुळे पाण्यातलं गवत माजलं आणि पक्ष्यांना जागाच राहिली नाही. हे मला इंडियात कुणी शिकवलं नव्हतं सर. ते कळायला मला ग्वानाकास्तेतल्या पंख्याखाली बसायला लागलं, आणि त्याची मला लाजही वाटली. कासच्या पठारावर कुंपण आणि चराई यावरून वाद झाला तेव्हा मी सगळ्यात आधी हेच शोधलं की आधीची मोजणी कुणाकडे आहे.

एका बाबतीत तुमच्याशी पूर्ण सहमत. बाहेरून येऊन डेटा घेऊन जायचा आणि गावाला काहीच ठेवायचं नाही असा प्रकार संशोधनात खूप चालतो. म्हणून कुठल्याही प्रोग्रामला मी विचारायला सांगते की शिकवणाऱ्यांत त्या देशाचे किती, स्टेशनवर काम करणारे गावातले किती, आणि मुलांचे रिपोर्ट तिथल्या भाषेत कुणाला दिले जातात का. आमच्याकडे शेवटचं प्रेझेंटेशन स्पॅनिशमधून गावच्या शाळेत करायचं होतं. माझं स्पॅनिश ऐकून तिसरीतली पोरं इतकी हसली की मुंग्यांचा मुद्दा राहूनच गेला.

मी महाराष्ट्रातून जाऊन अमेरिकेत शिकतेय, एफ-वन म्हणजे स्टुडंट व्हिसा. फील्ड सेमिस्टर करायचंय पण परत येताना अडकले तर? आणि पैसे? (टेक्सस)

हे भावनेवर सोडू नकोस, पहिल्यांदा इंटरनॅशनल ऑफिसला जा आणि मगच स्टडी अब्रॉडच्या. आपल्या कॉलेजमध्ये पूर्णवेळ नाव लागलेलं राहील अशीच व्यवस्था कर, आणि अमेरिकेबाहेरचा काळ पाच महिन्यांच्या आत ठेव, त्यापुढे गेलं की नवीन आय-ट्वेंटी (कॉलेज देतं तो व्हिसाचा कागद) आणि ओपीटीसाठीचं, म्हणजे शिकताना किंवा शिकून झाल्यावर तिथं काम करायच्या परवानगीसाठीचं, वर्ष पुन्हा मोजायला लागायची भानगड होऊ शकते. सेमिस्टर साधारण पंधरा आठवड्यांचं असतं त्यामुळे बसतं, पण त्याला जोडून एक महिना घरी राहून येते असं केलंस की गणित बिघडतं. आय-ट्वेंटीवर ट्रॅव्हलची सही ताजी पाहिजे. आणि पासपोर्टवरचा व्हिसा संपलेला असेल तर लक्षात ठेव, कॅनडा-मेक्सिकोला थोड्या दिवसांसाठी जाऊन जुन्या व्हिसावर परत येता येतं ती सवलत कोस्टा रिकाला लागू नाही. तिथल्या राजधानीत, सान होसेतल्या अमेरिकन वकिलातीत पटकन करून घेऊ असंही धरून चालू नकोस. आमच्या बॅचमधला एक जण, देश सांगत नाही, एप्रिलमध्ये हे सगळं वाचायला बसला. तसं करू नकोस.

कोस्टा रिकात शिरताना अमेरिकेचा व्हिसा असलेल्यांना सवलत असते पण ती पर्यटकांची, तिला दिवसांची मर्यादा असते, चार महिन्यांसाठी काय कागद लागेल ते प्रोग्रामकडून तुझ्या पासपोर्टचा देश सांगून लेखी घे, कारण त्यांच्याकडचं तयार उत्तर बहुतेक वेळा अमेरिकन पासपोर्टवाल्यांसाठी लिहिलेलं असतं.

पैसे म्हणशील तर राहणं-खाणं धरून एका सेमिस्टरला २०,००० डॉलरच्या वर सहज जातं. आकडा बघून घाबरायच्या आधी कॉलेजला विचार की तुमची स्कॉलरशिप बाहेरच्या सेमिस्टरला बरोबर येते का. काही कॉलेजं फी स्वतःकडेच घेतात आणि पुढे प्रोग्रामला भरतात, तिथं तुझी मदत तशीच चालू राहते. काही मात्र मोकळं सोडतात आणि मग सगळा भार तुझ्यावर. माझं जमलं ते फक्त पहिल्या प्रकारामुळे, नाहीतर मीसुद्धा ते फक्त ब्रोशरमध्येच बघितलं असतं. क्रेडिट कुणाच्या नावावर येणार आणि मेजरला धरणार का, का नुसते इलेक्टिव्ह, हेही आताच विचार.

मी साताऱ्यात बीएस्सी करतोय, लास्ट इयर. मला असं सेमिस्टर डायरेक्ट करता येईल का? घरची परिस्थिती साधारण आहे. (सातारा)

खरं सांगू? जाऊ नकोस. निदान या वाटेने नको. हे प्रोग्राम मुख्यतः अमेरिकन कॉलेजच्या पोरांच्या फीवर उभे आहेत, बाहेरच्या युनिव्हर्सिटीतून आलेल्याला काही ठिकाणी घेतात पण मग ते क्रेडिट तुझ्या युनिव्हर्सिटीने धरायला हवेत, आणि एवढे पैसे एका सेमिस्टरवर घालून मार्कशीटवर काहीच उमटलं नाही तर उपयोग काय. आता अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, म्हणजे क्रेडिट जमा ठेवायची सरकारी सोय, वगैरे आलंय, पण बाहेरचे क्रेडिट धरायला दोन संस्थांचा आपसात करार लागतो आणि तो तू एकटा करू शकत नाहीस.

तुझ्यासाठी मास्टर्स ही जास्त चांगली वेळ आहे. देशातच बेंगळुरूच्या नॅशनल सेंटर फॉर बायॉलॉजिकल सायन्सेस म्हणजे एनसीबीएसमध्ये वाइल्डलाइफ बायोलॉजीचं एमएस्सी आहे आणि डेहराडूनला वाइल्डलाइफ इन्स्टिट्यूटमध्ये आहे, जागा थोड्या आणि एन्ट्रन्स कठीण, पण फील्ड असं की कोस्टा रिका विसरशील. पुण्यात गरवारे कॉलेजला बायोडायव्हर्सिटीचं एमएस्सी आहे, घरापासून दोन-अडीच तासांवर. बाहेरच जायचं असेल तर युरोपातले इरॅस्मस मुंडुसचे मास्टर्स बघ, ट्रॉपिमुंडो नावाचा एक उष्ण कटिबंधाच्या जैवविविधतेवरचाच आहे, त्यात फील्डही असतं आणि निवड झाली तर स्कॉलरशिपमध्ये फी आणि राहण्याचा खर्च दोन्ही येतात, फक्त तू अर्ज करशील त्या वर्षी स्कॉलरशिप चालू आहे ना ते आधी तपास. अनुसूचित जातीतला असशील तर राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती मास्टर्स आणि पीएचडीसाठी आहे, सेमिस्टरसाठी नाही.

आणि कास तुझ्या घरापासून पाऊण तासावर आहे. यंदा ऑगस्ट ते ऑक्टोबर दर शनिवारी जा, एक मीटर बाय एक मीटरचा एकच चौकोन ठरव, परवानगी घेऊन, आत पाय न ठेवता, आणि त्यात कुठलं फूल कधी आलं ते लिही. तेरा-चौदा शनिवार होतील. एनसीबीएसच्या इंटरव्ह्यूला मी पॅनलवर असते तर तुला फक्त त्या वहीबद्दल विचारलं असतं.

मी पूर्ण व्हेज आहे, अंडंही नाही. उपाशी मरेन का? आणि बॅगेत काय न्यायचं? (नाव देऊ नये, ठाणे)

नाही मरणार, उलट वजन वाढेल. सकाळी गायो पिंतो, म्हणजे काळा घेवडा आणि भात एकत्र परतलेला, दुपारी तांदूळ आणि घेवडा शेजारी शेजारी, रात्री पुन्हा एकत्र. तिसऱ्या आठवड्यात मी मेतकुटासाठी रडले होते. मेतकूट ने, सीलबंद, आणि चटणी. ग्वानाकास्तेत ज्या घरी मी आठवडाभर होमस्टेला होते तिथली आजी मक्याच्या तोर्तिया हातावर थापायची, मी शेजारी बसून भाकरीसारखी थापायला गेले तर म्हणाली खूप पातळ करतेस. एकच खबरदारी, घेवड्यात कधी कधी डुकराची चरबी घालतात, त्यामुळे सिन मान्तेका, म्हणजे चरबी न घालता, हे दोन शब्द स्पॅनिशमध्ये पाठ करून जा.

बॅगेत जीन्स नको, ती चार महिन्यांत वाळणार नाही. पातळ फुल पँट, उंच मोजे, दोन टॉर्च, पावसात लिहिता येईल अशी वही आणि पेन्सिल, पेन नाही, शाई वाहते. छत्रीपेक्षा पाँचो. गमबूट तिथंही मिळतात पण आपल्या बायकांच्या मापाचे मिळायला वेळ लागतो, त्यामुळे इथूनच घेऊन जा, रात्री खुंटीवर उलटे टांग, आणि सकाळी घालायच्या आधी तरीही एकदा झटक, माझ्या डाव्या बुटातून एका सकाळी विंचू आणि एका सकाळी रूममेटचं हरवलेलं घड्याळ निघालं होतं.

(पुढच्या वेळी उरलेली पत्रं घेते. बोरिवलीच्या ज्या आजोबांनी लीफकटर मुंग्या पानं खातात असं लिहिलंय त्यांना आजच सांगते, खात नाहीत, पानं चावून त्यावर बुरशी पिकवतात आणि ती खातात.)